निर्देश आणि आधार : सामायिक लायब्ररींच्या जोडणीतील दोष कसे वाचावेत

१. प्रास्ताविक

जुन्या छापील ग्रंथांच्या छायाप्रतींवरून संगणकाकडून अक्षरे वाचून घेणे हे आता भारतीय भाषांच्या अभ्यासातील नित्याचे काम झाले आहे. शब्दसूची, पाठभेदांची तुलना, एखाद्या व्याकरणिक रूपाची वारंवारता अशा अनेक अभ्यासांचा आरंभ ह्या वाचनापासून होतो. त्यासाठी जी मुक्त साधने उपलब्ध आहेत त्यांत टेसरॅक्ट हे प्रमुख होय. ह्यूलेट-पॅकार्ड ह्या कंपनीत १९८५ ते १९९४ ह्या काळात त्याची मूळ घडण झाली. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले आणि २००६ नंतर बारा वर्षे त्याचा विकास गूगलच्या आश्रयाने झाला. मराठी, हिंदी, संस्कृत, बंगाली, तमिळ इत्यादी भाषांतील मुद्रित पाठ वाचण्याची सामग्री त्यासाठी तयार आहे.

टेसरॅक्ट बहुधा सिद्ध स्वरूपात मिळते. परंतु विद्यापीठाच्या सर्व्हरवरील सिद्ध आवृत्ती पुष्कळदा जुनी असते, किंवा एखाद्या विशिष्ट खिळ्यांसाठी त्याला नव्याने प्रशिक्षण द्यावयाचे तर लागणारी उपसाधने तीत नसतात. अशा वेळी मूळ सोर्स कोडपासून ते कंपाइल करून घेण्यावाचून गत्यंतर नसते. साहित्याच्या अभ्यासकाची पहिली कसोटी येथेच लागते. कंपाइल करताना, किंवा ते निर्विघ्न पार पडल्यावर साधन प्रथमच चालवताना, अमुक लायब्ररी सापडली नाही, अमुक नावाचा निर्देश निराधार आहे, असे संदेश पडद्यावर येतात. हे संदेश तांत्रिक आहेत, म्हणजे ते आपल्यासाठी नाहीत, अशी समजूत करून घेऊन अभ्यासक एकतर काम सोडतो किंवा सुचेल तो उपाय करीत राहतो. ह्यांतील दुसरा मार्ग पहिल्याहून अधिक घातक आहे. त्याचे कारण पुढे येईल.

हे संदेश ज्या प्रश्नाविषयी बोलतात तो पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एका ठिकाणी केलेला निर्देश, त्याचा दुसऱ्या ठिकाणी असलेला आधार, आणि त्या आधाराची नेमकी आवृत्ती, एवढाच तो प्रश्न आहे. विवेचन लिनक्स ह्या प्रणालीपुरते मर्यादित आहे. कंपाइलर, लिंकर, लोडर, लायब्ररी ही नावे रूढ आहेत तशीच ठेवली असून मूळ इंग्रजी संदेशांचा केवळ आशय मराठीत दिला आहे.

२. उतारा आणि निर्देश

‘लायब्ररी’ हा शब्द संगणकाच्या व्यवहारात आला तो प्रथम पुष्कळसा शब्दशः अर्थाने. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक ह्या यंत्रावर मे १९४९ मध्ये पहिली आज्ञावली चालली. विल्क्स, व्हीलर आणि गिल ह्यांनी त्या यंत्रासाठी वारंवार लागणारी गणिते छिद्रांकित कागदी फितींवर तयार करून त्यांचा संग्रह केला आणि १९५१ मध्ये त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. ज्याला त्यातील एखादे गणित हवे असेल तो ती फीत काढून तिची नक्कल आपल्या आज्ञावलीच्या फितीवर उतरवून घेत असे. म्हणजे लायब्ररीचा उपयोग हा उतारा घेण्याचा होता.

आज ज्याला स्थिर जोडणी म्हणतात तिचे तत्त्व हेच आहे. लायब्ररीतील हवा तो भाग आज्ञावलीत कायमचा उतरतो. मग मूळ लायब्ररी राहो वा न राहो, आज्ञावलीला तिची गरज उरत नाही. ह्या पद्धतीचा लाभ स्वयंपूर्णतेचा आणि तोटा पुनरुक्तीचा. शंभर आज्ञावलींत एकच उतारा शंभर वेळा साठतो, आणि मूळ लायब्ररीत एखादा दोष दुरुस्त झाला तरी शंभर ठिकाणचे उतारे जुनेच राहतात.

सामायिक लायब्ररी ही ह्यावरची तोड होय. तीत उतारा न घेता केवळ निर्देश केला जातो: ‘अमुक लायब्ररीतील अमुक नाव पाहा.’ आज्ञावली चालू होते त्या क्षणी तो निर्देश प्रत्यक्ष स्थळाशी जोडला जातो. ही कल्पना १९६० च्या दशकातील मल्टिक्स ह्या प्रणालीत होती. युनिक्सच्या परंपरेत ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दृढ झाली आणि लिनक्सवर १९९० च्या दशकात तिने आजचे रूप घेतले. आज लिनक्सवरील बहुतेक सर्व साधने ह्याच पद्धतीने बांधलेली असतात. साहजिकच निर्देशपद्धतीचे सर्व गुण आणि सर्व दोषही तीत आले. ज्या ग्रंथाचा निर्देश केला तो कपाटात नसणे, असून सूचीत नसणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याच नावाची वेगळीच आवृत्ती हाती येणे, हे तिन्ही प्रकार येथे घडतात.

३. एका लायब्ररीची तीन नावे

दोषांचा विचार करण्यापूर्वी नावांची व्यवस्था समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तेथून उद्भवतो. एकाच सामायिक लायब्ररीला लिनक्सवर तीन नावे असतात.

पहिले नाव प्रत्यक्ष फाइलचे. त्यात ‘लिबटेसरॅक्ट.एसओ’ ह्यापुढे तीन अंक येतात आणि ते त्या विशिष्ट प्रतीचे असते. दुसरे नाव ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५’ असे, एकाच अंकाचे. ह्याला एसओनेम म्हणतात. हा अंक लायब्ररीच्या बाह्य व्यवहाराची पिढी सांगतो: तो बदलला म्हणजे जुन्या आज्ञावलींना नवी लायब्ररी चालणार नाही अशी निर्मात्यांची जाहीर सूचना असते. तिसरे नाव ‘लिबटेसरॅक्ट.एसओ’ असे अंकरहित. ते केवळ आज्ञावली बांधताना लिंकरला लागते. दुसरे आणि तिसरे नाव हे सामान्यतः पहिल्याकडे बोट दाखविणारे दुवे असतात.

ग्रंथांच्या भाषेत बोलावयाचे तर तिसरे नाव हे ग्रंथाचे केवळ शीर्षक, दुसरे म्हणजे शीर्षक आणि संपादित आवृत्ती, आणि पहिले म्हणजे हातातील प्रत. बांधताना लिंकर शीर्षकावरून ग्रंथ शोधतो. परंतु सापडल्यावर आज्ञावलीत टिपून ठेवतो ते आवृत्तीसह नाव. पुढे आज्ञावली चालविताना लोडर त्या टिपलेल्या नावाचाच शोध घेतो. एकच लायब्ररी बांधताना सापडते आणि चालविताना सापडत नाही, ह्या वरवर विसंगत वाटणाऱ्या अनुभवाचे मूळ ह्या दुहेरी व्यवस्थेत आहे. शोधणारे दोन आहेत, त्यांच्या शोधाच्या जागा भिन्न आहेत आणि ते ज्या नावाने शोधतात ती नावेही भिन्न आहेत.

येथे आणखी एक व्यावहारिक गोष्ट नोंदवली पाहिजे. डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी वितरणांत अंकरहित दुवा आणि हेडर फाइली ह्या मूळ लायब्ररीबरोबर येत नाहीत. त्या विकासकांसाठीच्या स्वतंत्र पॅकेजमध्ये असतात. त्यामुळे लायब्ररी यंत्रावर असूनही लिंकर ‘सापडली नाही’ असे म्हणतो, आणि ते त्याच्या परीने खरे असते.

४. बोलतो आहे कोण?

कोणत्याही संदेशाचा अर्थ लावण्यापूर्वी त्याचा वक्ता निश्चित करावा. टेसरॅक्टसारखे साधन सोर्स कोडपासून उभे करताना चार निरनिराळे वक्ते क्रमाने बोलतात.

पहिला कॉन्फिगर. तो यंत्राची पाहणी करून लागणाऱ्या वस्तू आहेत की नाहीत ते तपासतो. टेसरॅक्टला प्रतिमांवरील संस्कारांसाठी लेप्टॉनिका ही लायब्ररी अपरिहार्य आहे. ती आढळली नाही तर कॉन्फिगर ‘लेप्टॉनिका १.७४ किंवा त्यापुढील आवृत्ती आवश्यक आहे’ असे सांगून थांबतो. पुष्कळदा अभ्यासकाने लेप्टॉनिका स्वतःच नुकतीच बांधलेली असते, म्हणून हा संदेश त्याला खोटा वाटतो. वस्तुतः कॉन्फिगर लायब्ररी शोधत नसून तिची नोंद शोधत असतो. ही नोंद ‘पीसी’ ह्या प्रत्ययाच्या लहानशा फाइलीत असते आणि पीकेजी-कॉन्फिग हे साधन ती वाचते. नव्या लेप्टॉनिकाची नोंद जेथे आहे तो पत्ता ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ ह्या चलात सांगितला की पाहणी पुढे सरकते.

दुसरा वक्ता कंपाइलर. एकेक फाइल स्वतंत्रपणे वाचून तिचे यंत्रभाषेतील रूपांतर करणे एवढेच त्याचे काम. त्याला लायब्ररी लागत नाही. लागते ती हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीतील नावांची सूची. ‘ऑलहेडर्स.एच सापडली नाही’ ही तक्रार कंपाइलरची आहे. तिचा संबंध लेप्टॉनिकाच्या सूचीशी आहे. लायब्ररीचा शोधमार्ग कितीही बदलला तरी ती दूर होणार नाही.

तिसरा लिंकर. कंपाइलरने रूपांतरित केलेल्या फाइलींत जी नावे केवळ निर्दिष्ट आहेत त्यांचा आधार तो शोधतो. त्याच्या संदेशाच्या आरंभी बहुधा ‘एलडी’ हे त्याचे स्वतःचे नाव असते. शेवटी ‘कलेक्ट२ : एलडीने निर्गम स्थिती १ दिली’ अशा आशयाची ओळ येते. साहाय्य मागताना अनेक जण हीच शेवटची ओळ तेवढी कळवितात. ती ओळ केवळ निकालाची आहे. कारणमीमांसा तिच्या वर असते आणि तीतही पहिली तक्रार सर्वांत महत्त्वाची, कारण पुढच्या अनेक तक्रारी तिच्यातून निपजलेल्या असतात.

चौथा लोडर. तो बांधणीच्या वेळी नसतोच. बांधणी यशस्वी झाल्यावर, आज्ञावली प्रत्यक्ष सुरू होताना तो बोलतो: ‘सामायिक लायब्ररी चढविताना दोष : लिबटेसरॅक्ट.एसओ.५ उघडता येत नाही. अशी फाइल नाही.’ हा संदेश पाहून पुन्हा कंपाइल करू लागणे म्हणजे ग्रंथ कपाटात सापडत नाही म्हणून तो पुन्हा लिहावयास घेणे होय.

५. लिंकरच्या तक्रारी

लिंकरच्या तक्रारींत दोन जाती आहेत आणि त्यांचा भेद मूलगामी आहे. ‘लेप्टॉनिका सापडत नाही’ ह्या तक्रारीत ग्रंथच मिळालेला नाही. ‘अमुक नावाचा निर्देश निराधार आहे’ ह्या तक्रारीत मात्र ग्रंथ मिळाला असण्याचा संभव आहे. त्यात ते नाव नाही.

पहिल्या जातीचा उपाय सरळ आहे. लिंकरला दिल्या जाणाऱ्या पर्यायांत ‘लहान एल’ हा लायब्ररीचे नाव सांगतो आणि ‘मोठा एल’ हा शोधाची जागा सांगतो. विकासकांचे पॅकेज बसविलेले आहे का, अंकरहित दुवा आहे का, आणि तो ज्या निर्देशिकेत आहे ती ‘मोठा एल’ने सांगितली आहे का, एवढे पाहावे. कधीकधी ‘विसंगत लायब्ररी वगळली’ अशी ओळही दिसते. तेव्हा ग्रंथ सापडलेला असतो, परंतु तो दुसऱ्याच यंत्रभाषेत असतो. उदाहरणार्थ ६४ बिटांच्या बांधणीत ३२ बिटांची लायब्ररी.

दुसरी जात अधिक विचार मागते. तिची चार कारणे व्यवहारात वारंवार आढळतात.

पहिले कारण क्रमाचे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. एखादी लायब्ररी समोर आली त्या वेळी तिच्यातील कोणत्याही नावाची मागणी झालेली नसेल तर ती तो सोडून देऊ शकतो. स्थिर लायब्ररींच्या बाबतीत हे पूर्वीपासून आहे. उबुंटूवर ऑक्टोबर २०११ च्या ११.१० ह्या आवृत्तीपासून सामायिक लायब्ररींनाही असाच नियम स्वभावतः लागू झाला. म्हणून निर्देश करणाऱ्या फाइली आधी आणि आधारभूत लायब्ररी नंतर, असा क्रम ठेवावा. कॉन्फिगरला लायब्ररींची नावे ‘एलडीफ्लॅग्ज’ ह्या चलातून दिली तर ती फाइलींच्या आधी जाऊन पडतात; त्यांची योग्य जागा ‘लिब्ज’ ह्या चलात आहे. एवढ्या एका बदलाने कित्येक निराधार निर्देश साधार होतात.

दुसरे कारण दुय्यम संदर्भाचे. आज्ञावली एका लायब्ररीचे नाव घेते, ती लायब्ररी दुसरीवर अवलंबून असते, आणि आज्ञावली ह्या दुसरीतीलही एखादे नाव परस्पर वापरते. लिंकरला ते नाव दुसरीत दिसते. तरीही ‘ही लायब्ररी आदेशाच्या ओळीत नाही’ असे म्हणून तो जोडणी नाकारतो. दुसऱ्याच्या तळटीपेतून घेतलेला संदर्भ मूळ ग्रंथ पाहिल्याप्रमाणे देऊ नये, ह्या संशोधनातील शिस्तीसारखीच ही शिस्त आहे. उपायही तोच: ज्या लायब्ररीचे नाव वापरले तिचा निर्देश प्रत्यक्ष करावा.

तिसरे कारण रूपांचे. सी भाषेत उपपदाचे नाव जसे लिहिले तसेच, प्रातिपदिकाप्रमाणे, नोंदले जाते. सी++ मध्ये मात्र त्या नावाला त्याच्या आदानांचे प्रकार प्रत्ययांसारखे जोडून एक सिद्ध पद तयार होते, आणि लिंकर ते संपूर्ण पद जुळवितो. त्यामुळे मूळ नाव तेच असूनही प्रत्यय बदलला तर निर्देश निराधार ठरतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीसीसी ५ ने मजकुराच्या मालिकेचा नवा प्रकार आणला; तेव्हापासून जुन्या आणि नव्या पद्धतीने बांधलेल्या लायब्ररी एकत्र आणल्या की ‘सीएक्सएक्स११’ ही खूण असलेली पदे निराधार दिसू लागली. ‘एनएम’ ह्या साधनाने लायब्ररीतील पदांची यादी मिळते आणि ‘सी++फिल्ट’ त्या पदांचा विग्रह करून दाखविते. मागितलेले पद आणि उपलब्ध पद शेजारी ठेवून पाहिली म्हणजे पाठभेद कोठे आहे ते उघड होते.

चौथे कारण सूची आणि ग्रंथ ह्यांच्या आवृत्त्या भिन्न असणे. ह्याचे बोधक उदाहरण आयसीयू ह्या लायब्ररीचे आहे. युनिकोडमधील अक्षरांचे गुणधर्म, शब्दच्छेद आणि वर्णक्रम ह्यांची व्यवस्था ती पाहते आणि टेसरॅक्टच्या प्रशिक्षण-साधनांना ती लागते. आयसीयूमध्ये सी भाषेतील नावांच्या अंती मुख्य आवृत्तीचा अंक जोडण्याची पद्धत आहे. हेडर ७२ व्या आवृत्तीचे असेल तर कंपाइलर ‘यू_स्ट्रलेन_७२’ हे नाव लिहितो. लिंकरच्या हाती ७४ व्या आवृत्तीची लायब्ररी आली तर तिच्यात ‘यू_स्ट्रलेन_७४’ असते. निर्देश निराधार ठरतो आणि ते इष्टच आहे. एका आवृत्तीच्या सूचीवरून दुसऱ्या आवृत्तीतील पृष्ठे उघडली जाऊ नयेत, एवढ्याचसाठी हा अंक नावात गुंफलेला आहे. येथे उपाय म्हणजे हेडर आणि लायब्ररी दोन्ही एकाच ठिकाणची करणे. एखादी हेडर स्थानिक निर्देशिकेतून आणि लायब्ररी प्रणालीच्या निर्देशिकेतून उचलली जात आहे का, हे प्रथम तपासावे.

६. लोडरच्या तक्रारी

लोडर लायब्ररी कोठे शोधतो ह्याचा क्रम ठरलेला आहे. आज्ञावलीतच कोरलेला शोधमार्ग, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ ह्या चलात सांगितलेल्या जागा, प्रणालीने तयार केलेली सूची आणि शेवटी प्रणालीच्या ठरीव निर्देशिका, ही त्याची साधने होत. कोरलेल्या मार्गाचे दोन प्रकार आहेत: जुना ‘आरपाथ’ हा त्या चलाच्या आधी पाहिला जातो आणि नवा ‘रनपाथ’ नंतर.

सर्वसामान्य प्रसंग असा असतो. टेसरॅक्ट बांधून ‘/यूएसआर/लोकल’ येथे बसविले. परंतु प्रणालीच्या सूचीत नव्या लायब्ररीची नोंद झाली नाही. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालविली की सूची नव्याने तयार होते. फेडोरा आणि तिच्या कुळातील वितरणांत ‘/यूएसआर/लोकल/लिब’ ही जागा सूचीकाराच्या फेरीत मुळातच नसते. तेथे ती ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ ह्या निर्देशिकेतील एका फाइलीत आधी नोंदवावी लागते. लायब्ररी बसविताना लिबटूल हे साधन ह्याविषयीची सविस्तर सूचना पडद्यावर छापते. ती सूचना तक्रार येण्यापूर्वीच येते, म्हणून ती कोणी वाचत नाही.

विद्यापीठाच्या सर्व्हरवर अभ्यासकाला प्रशासकाचा अधिकार नसतो. तेथे साधन आपल्या स्वतःच्या निर्देशिकेत बसवावे आणि बांधतानाच लिंकरकरवी तिचा मार्ग आज्ञावलीत कोरून घ्यावा, हे उत्तम. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हा उपाय सर्वत्र सुचविला जातो. निदानासाठी तो योग्य आहे. परंतु लॉगइनच्या फाइलीत तो कायमचा लिहून ठेवू नये. त्या चलाचा परिणाम एका साधनापुरता राहत नाही. त्या सत्रात चालणाऱ्या सर्वच आज्ञावलींचे आधार तो बदलू शकतो. आणखी एक बारकावा: रनपाथ हा ज्या फाइलीत कोरला आहे तिच्या प्रत्यक्ष आधारांपुरताच चालतो. आज्ञावलीत रनपाथ आहे म्हणून टेसरॅक्टची लायब्ररी सापडते, पण त्या लायब्ररीत तो नाही म्हणून तिला लेप्टॉनिका सापडत नाही, असे घडते. प्रत्येक पायरीवर निर्देश पूर्ण असला पाहिजे.

आज्ञावलीला कोणते आधार लागतात आणि ते कोठे सापडले, हे ‘एलडीडी’ सांगते. अपरिचित फाइलीवर मात्र ती चालवू नये, कारण ती फाइल प्रत्यक्ष कार्यान्वित होण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘रीडएल्फ’ने केवळ टिपलेली नावे वाचावीत. शोधाची प्रत्येक पायरी पाहावयाची असेल तर ‘एलडी_डीबग’ ह्या चलाला ‘लिब्ज’ हे मूल्य देऊन साधन चालवावे. लोडर कोठकोठे गेला आणि कोठे थांबला ह्याची संपूर्ण रोजनिशी मिळते.

लोडरची आणखी एक तक्रार वेगळी काढली पाहिजे: ‘ग्लिब्सी २.३४ ही आवृत्ती सापडली नाही.’ नव्या यंत्रावर बांधलेले साधन जुन्या सर्व्हरवर नेले म्हणजे हे घडते. ग्लिब्सी ही प्रणालीची मूळ लायब्ररी असून २.३४ ही तिची आवृत्ती ऑगस्ट २०२१ ची आहे. नव्या यंत्रावरून ती लायब्ररी उचलून जुन्यावर ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने सर्व्हरवरील इतर सर्वच आज्ञावली बंद पडू शकतात. साधन जेथे चालवावयाचे त्याच जुन्या प्रणालीवर, किंवा तिच्यासारख्याच वातावरणात, ते पुन्हा बांधावे.

७. न बोलणारा दोष

आतापर्यंतचे सर्व दोष बोलके होते. त्यांनी काम अडविले, पण पाठ बिघडविला नाही. खरा धोका आहे तो जोडणी झाली, साधन चालले, आणि आधार मात्र भलताच लाभला, ह्या स्थितीत.

ही स्थिती दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग अभ्यासकाच्या अधीरतेचा. लोडर पाचव्या पिढीची लायब्ररी मागत आहे आणि यंत्रावर सहाव्या पिढीची आहे; तेव्हा सहावीकडे बोट दाखविणारा, पण पाचवीचे नाव धारण करणारा दुवा तयार केला जातो. तक्रार थांबते. परंतु एसओनेममधील अंक बदलून निर्मात्यांनी दिलेली सूचना येथे जाणूनबुजून पुसलेली असते. दोन पिढ्यांत एखाद्या संरचनेतील घटकांचा क्रम बदलला असेल तर आज्ञावली एका घटकाच्या जागी दुसराच वाचील. साधन कोसळले तर ते सुदैव. न कोसळता चुकीचे उत्तर देत राहिले तर ते कळणारही नाही. एका आवृत्तीच्या मुखपृष्ठात दुसरीची पाने बांधण्याचा हा प्रकार आहे.

दुसऱ्या मार्गात कोणाचाही उतावळेपणा नसतो. टेसरॅक्टच्या पाचव्या मालिकेतील निरनिराळ्या आवृत्त्यांचे एसओनेम एकच आहे. प्रणालीबरोबर आलेली एक आणि अभ्यासकाने बांधलेली दुसरी, अशा दोन्ही लायब्ररी यंत्रावर असल्या तर नव्या आज्ञावलीला जुनी लायब्ररी मिळू शकते, आणि नाव जुळत असल्यामुळे लोडरला तक्रार करण्याचे कारणच उरत नाही. अक्षरओळखीचे काम आज्ञावलीत नसून लायब्ररीत असते. म्हणजे वाचन जुने आणि समजूत नव्याची, असा प्रसंग येतो.

ह्यात साहित्याच्या अभ्यासकाचे काय बिघडते, हे मराठीतील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांनी स्पष्ट उच्चार नसलेले अनुस्वार लेखनातून काढले. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ ही रूपे ‘नाव’, ‘पाच’, ‘काही’ अशी झाली. प्रत्यक्ष मुद्रणात हा बदल किती वेगाने पसरला, कोणी तो आधीच स्वीकारला होता आणि कोणी नंतरही नाकारला, हा लेखनपद्धतीच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर यंत्रवाचन करूनच सोडविता येण्यासारखा आहे. आता समजा, १९६० पूर्वीचे ग्रंथ एका सर्व्हरवर आणि नंतरचे दुसऱ्या सर्व्हरवर वाचून घेतले, आणि दोन्हीकडे साधनाचे नाव तेच असूनही आधारभूत लायब्ररी भिन्न होत्या. शिरोरेषेवरील एक ठिपका कागदावरचा डाग मानावा की अनुस्वार, ह्याविषयी प्रतिमासंस्कार आणि अक्षरओळख ह्यांचा निर्णय आवृत्तीनुसार वेगळा पडू शकतो. मग अनुस्वारांच्या संख्येत दिसलेली घट ही लेखकांची आणि मुद्रकांची की लायब्ररीची, हे नंतर सांगता येणार नाही. आलेखावरील रेषा दोन्ही बाबतींत सारखीच दिसेल.

ह्यावर उपाय एकच: आधारांची नोंद. टेसरॅक्टला आवृत्ती विचारली असता ते जे उत्तर देते ते प्रत्यक्ष चढविलेल्या लायब्ररीचे असते आणि त्यात लेप्टॉनिकाची आवृत्तीही येते. म्हणून ते उत्तर, एलडीडीचे सर्व फलित, आणि मराठीची कोणती प्रशिक्षित सामग्री वापरली तिचे नाव, ही तिन्ही प्रत्येक वाचनाबरोबर जपून ठेवावीत. सामग्रीच्या बाबतीत केवळ फाइलीचे नाव पुरेसे नाही. वेगवान आणि सूक्ष्म अशा निरनिराळ्या संचांत मराठीच्या फाइलीचे नाव एकच आहे.

८. समारोप

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष तीन प्रश्नांत सांगता येतो. संदेश आला की प्रथम विचारावे: हा बोलतो आहे कोण, कॉन्फिगर, कंपाइलर, लिंकर की लोडर? दुसरे, तो कोणत्या नावाने कोणत्या जागी शोधत होता? तिसरे, ती वस्तू नाहीच, की आहे पण वेगळ्या जागी, वेगळ्या रूपात वा वेगळ्या आवृत्तीत आहे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे उपाय बहुधा स्वतःहून सुचतो. ती मिळण्यापूर्वी केलेला उपाय तक्रार बंद करतो, दोष नव्हे.

परंतु ह्याहून महत्त्वाचे असे की जोडणी साधली म्हणजे अभ्यासकाचे काम संपत नाही. संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत कोणत्या पोथ्या पाहिल्या, त्या कोठल्या आणि कोणत्या काळच्या, हे सांगण्याची जी परंपरा आहे तिला यंत्राने वाचलेला पाठ अपवाद होऊ शकत नाही. तो पाठ ज्या लायब्ररींच्या हातून आला त्या त्याच्या लेखनिक होत. त्यांची नावे आणि आवृत्त्या पाठाबरोबर दिल्या नाहीत तर पुढच्या अभ्यासकाला त्या पाठातील स्खलन लेखकाचे, मुद्रकाचे की लेखनिकाचे, हे ठरविण्याचे साधनच राहणार नाही.